गोवराची किंमत कोण मोजतो?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कुंभारी हे गाव आज कष्टकऱ्यांच्या घरांमुळे ओळखले जाते. विडी कामगार स्त्रियांनी संघटित लढ्यातून मिळविलेली १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली येथे उभी राहिली. असंघटित कामगारांसाठी आखलेल्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली १५ हजार घरेही जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. भाड्याच्या कोंदट खोलीतून स्वतःच्या पक्क्या घरात येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु घर मिळाले म्हणून घरातल्या लेकराचे आरोग्य आपोआप सुरक्षित होत नाही. जेथे हजारो घरे एकमेकांना लागून उभी आहेत आणि घरोघरी लहान मुले आहेत, तेथे लसीकरणात थोडी जरी ढिलाई झाली तरी गोवराला मोकळे रान मिळते.

गोवराला आजही अनेक घरांत ‘मुलांना एकदा व्हायचाच’ असा साधा आजार मानले जाते. वस्तुतः माणसाला ठाऊक असलेल्या सांसर्गिक रोगांत इतका झपाट्याने पसरणारा रोग क्वचितच आढळेल. संरक्षण नसलेल्या समाजात एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास विषाणू तेथील हवेत टिकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल रोग पसरवीत असते. म्हणजे आईला गोवराची ओळख पटेपर्यंत शेजारच्या घरात तो पोहोचलेलाही असतो. पुरळ आठवड्याभरात मावळतो, पण कुपोषित बालकाला त्यामागून येणारा न्यूमोनिया, अतिसार, मेंदूची सूज वा अंधत्व यांचा धोका राहतो. इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही गोवर पुसून टाकतो, हे २०१९ सालच्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. १९६३ पासून जगात गोवराची लस उपलब्ध आहे आणि १९८५ पासून ती आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात विनामूल्य मिळते. नवव्या महिन्यात दिलेली पहिली मात्रा शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांना संरक्षण देते. उरलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा लागते. शंभरांतील ९५ बालकांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथीची साखळी तुटते. हिशेबापुरते असे धरू की एखाद्या वसाहतीत पाच वर्षांखालील ५ हजार मुले आहेत. त्यांतील दहा टक्के लसीवाचून राहिली, तर कागदावर ९० टक्क्यांचे यश दिसेल. प्रत्यक्षात मात्र ५०० मुले गोवराच्या वाटेवर उघडी पडलेली असतील.

प्रश्न असा की, लस फुकट असताना ही मुले मागे का राहतात? उत्तर म्हणून मातेच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सरकारी अहवालांना सोयीचे असते. परंतु लस फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. विडी वळणारी स्त्री हजारी दराने मजुरी मिळविते. हजार विड्या वळायला दहा-बारा तास जातात. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून दोरा बांधायचा, माल शाखेत नेऊन द्यायचा, आणि तेथे छाट म्हणून बाजूला टाकलेल्या विड्यांचा तोटाही सोसायचा. लसीकरणाच्या रांगेत अर्धा दिवस गेला की तिची अर्धी मजुरी जाते. लशीनंतर मूल तापाने किरकिरले की दुसऱ्या दिवशीची मजुरीही घटते. ज्या घरात शनिवारच्या मजुरीवर सोमवारचा बाजार ठरतो, तेथे ‘पुढच्या वेळी नेऊ’ हा निर्णय अज्ञानातून नव्हे, हिशेबातून होतो.

आणि गोवर खरोखरच घरात शिरला म्हणजे हा हिशेब निर्दय होतो. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे दोन आठवडे जातात. त्यामुळे थोरले मूल बरे होऊन उठते न उठते तोच धाकटे तापाने फणफणते. दोन लेकरांच्या घरात आईचे तीन-साडेतीन आठवडे असे जातात. कारखानदाराचे यात काहीही बुडत नाही. त्याचा माल दुसऱ्या घरात वळला जातो. आजारपणाचा सगळा भार मजुरीवर, उसनवारीवर आणि थोरल्या मुलीच्या शाळेवर पडतो.

हे योगायोगाने घडलेले नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ठराविक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या जागी पाळणाघर बंधनकारक केले होते. परंतु काम घराघरांत विखुरले की पाळणाघराची जबाबदारीही विखुरते आणि अखेर आईच्या मांडीवर येऊन पडते. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहितांनी घेतली. घरखेप कामगाराच्या मांडीवरचा भार मात्र त्याने हलका झालेला नाही. १९७६ साली विडीवर उपकर बसवून कामगारांच्या औषधोपचार, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कल्याण निधी उभारण्यात आला होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना तो उपकर रद्द झाला. जो निधी कामगाराच्या हक्काचा होता, तो अर्थसंकल्पाच्या मर्जीवर सोडला गेला.

या सर्व व्यवस्थेत लस घेऊन दारापर्यंत निरोप पोहोचविणारी आशा कार्यकर्ती तरी कोण आहे? २००५ पासून चालत आलेल्या योजनेत तिच्या कमाईचा मोठा भाग कामागणिक मोजल्या जाणाऱ्या मोबदल्याचा आहे. बाळाचे लसीकरण पूर्ण झाले की तिला ठराविक रक्कम मिळते. म्हणजे उंबऱ्याच्या आत विड्यांच्या संख्येवर जगणारी स्त्री आणि उंबऱ्याबाहेर बालकांच्या संख्येवर जगणारी स्त्री, असे हे चित्र आहे. एकीला वेळ नाही, दुसरीला वेतन नाही. दोघींना एकमेकींच्या तक्रारीचे कारण बनविण्यात व्यवस्थेचा फायदा आहे. दोघींची मागणी एक आहे हे दाखविणे चळवळीचे काम आहे.

ढिलाईची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने २०२२ साली पाहिले. कोरोनाच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी बालकांची गोवर लसीची एक तरी मात्रा चुकली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराची साथ पसरली आणि राज्यात बालकांचे बळी गेले. ही तिन्ही ठिकाणे श्रमिकांच्या दाट वस्तीची आहेत, याला योगायोग म्हणता येणार नाही. साथ पसरल्यावर सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही जादा मात्रा देण्याची पाळी आली. देशातून गोवर हद्दपार करण्यासाठी २०२३ चे उद्दिष्ट ठरले होते. ते सालही उलटून गेले.

अंधश्रद्धेचा मुद्दाही टाळून चालणार नाही. गोवर म्हणजे देवीचा कोप किंवा अम्मवारूचे आगमन, असे मराठी आणि तेलुगू घरांत आजही मानले जाते. दाराला कडुलिंबाचा पाला बांधून आजारी मुलाला वेगळे ठेवण्याच्या चालीत शहाणपण आहे. तिची टिंगल करणाऱ्या कार्यकर्त्याचे कोणी ऐकणार नाही. पण औषध नको, पोटभर अन्न नको, हा त्या समजुतीचा दुसरा भाग मुलाच्या जिवावर उठतो. गोवर झालेल्या बालकाला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी मिळाल्या, तर अंधत्वाचा आणि मृत्यूचा धोका कमी होतो. ही गोष्ट देवीवर श्रद्धा ठेवणाऱ्या आईलाही पटविता येते, मात्र त्यासाठी तिच्या ओसरीवर बसावे लागते.

देवीचा रोग भारतातून गेला तो भाषणांनी नव्हे. घरोघर फिरून रुग्ण शोधणे आणि त्याच्या भोवतालच्या प्रत्येकाला टोचणे, या शिस्तीने १९७५ साली त्याचा शेवट झाला. पोलिओही याच शिस्तीने गेला. तीच शिस्त गोवरासाठी हवी, आणि तिच्यासोबत मजुरीचे संरक्षणही हवे. लसीकरणाची सत्रे संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, विड्यांचा माल जेथे जमा होतो त्या शाखांच्या दारातच भरविण्यात यावीत. मुलाच्या सांसर्गिक आजारात घरखेप कामगार स्त्रीला मजुरीची भरपाई मिळावी आणि तिचा बोजा मालक व शासन यांनी उचलावा. आशांना निश्चित वेतन मिळावे. वसाहतींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अंगणवाड्या व आरोग्य उपकेंद्रे उभी राहावीत.

या मागण्या शासनदरबारी मांडण्यापूर्वी एक काम कार्यकर्त्यांच्या हातात आहे. ज्या संघटनेने घरासाठी एकेका कामगाराचे नाव नोंदवून यादी केली, तिला पाच वर्षांखालील मुलांची, त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेच्या तारखांसह, गल्लीवार यादी करणे अवघड नाही. घराच्या यादीतून एक नाव गळले तर मोर्चा निघत असे. लशीच्या यादीतून गळलेल्या नावासाठीही तितकीच जाग असली पाहिजे; कारण ते नाव अजून बोलू न लागलेल्या मुलाचे असते आणि त्याच्यासाठी कोणीतरी बोलावे लागते.