आधी धडा, मग तोल

शहाड स्थानकावरून कसाऱ्याकडे जाणारी गाडी निघाली की रुळांजवळच्या एका घरातील गायन थांबते. आजी डोळे मिटून बसून राहतात, नातू हातानेच खूण करतो आणि गाडीचा आवाज विरल्यावर स्तवन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होते. आजींचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. त्यांच्या स्तवनांचे शब्द पुस्तकांत मिळतात. परंतु काही चाली त्यांना त्यांच्या आईकडून आलेल्या असून आता केवळ त्यांच्याच कंठात उरल्या आहेत. त्या जतन व्हाव्यात म्हणून नातवाने मागच्या खोलीत जाड रजया टांगून छोटासा ध्वनिमुद्रण कक्ष सिद्ध केला. रजयांनी खोलीतील घुमणे कमी झाले. गाडीचा आवाज मात्र त्यांनी अडत नाही. म्हणून सकाळचे सामायिक आटोपल्यावर, दोन गाड्यांमधल्या वेळात हे काम चालते.

माइकमधून निघणारा विद्युतसंकेत अत्यंत क्षीण, काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. मुद्रणासाठी तो 40 ते 60 डेसिबलने, म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबात शंभर ते हजार पटींनी, वाढवावा लागतो. हे काम प्रीअँप करतो. नातवाजवळ असे तीन प्रीअँप जमले होते : एक ऑडिओ इंटरफेसमध्येच असलेला, दुसरा ट्रान्सफॉर्मरचा आणि तिसरा व्हॉल्व्हचा. आजींच्या आवाजाला कोणता शोभतो हे ठरविण्यासाठी त्याने एकच स्तवन त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि प्रत्येक वेळी केबल एकातून काढून दुसऱ्यात घातली. एकदा फँटम पॉवर बंद करावयाची राहिली. स्पीकरमधून असा धडाका निघाला की आजी दचकल्या. तिसऱ्या वेळी शेवटच्या कडव्यात त्यांना श्वास पुरला नाही. तरीही नातवाचा निर्णय झाला : तिसरा प्रीअँप सर्वोत्तम.

वडिलांचे धान्याचे दुकान आहे. सायंकाळी तिन्ही मुद्रणे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “अरे, तोलण्याआधी धडा केला होतास का?”

नातवाने मीटर पाहिला. तिसऱ्या प्रीअँपची पातळी इतर दोहोंपेक्षा दोन डेसिबलने अधिक होती. कानाचा हा स्वभावच आहे; किंचित मोठा आवाज त्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. रिकाम्या डब्याचा धडा न करता तूप तोलले तर डब्याचेही दाम तुपाच्या भावाने लागतात, तसाच हा प्रकार. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत मापातील कमीअधिकपणाही आहे. व्यापारी ग्राहकाच्या बाबतीत हा दोष कटाक्षाने टाळतो. स्वतःच्या पसंतीला मात्र हलके माप वापरले तरी त्याच्या ध्यानात येत नाही. शिवाय तीन वेळचे गाणे तीन वेगळी होती. तुलना नेमकी प्रीअँपची झाली की आजींच्या थकव्याची, हेही सांगता येत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात नातवाने रीत बदलली. साध्या वाय-केबलने एकच माइक अनेक प्रीअँपना जोडला तर माइकवरील भार वाढतो आणि फँटम पॉवर दोन्हीकडून येण्याचा धोका असतो. म्हणून त्याने ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर आणला. त्याच्या थेट वाटेने एकाच प्रीअँपची फँटम पॉवर माइकपर्यंत पोहोचते. उरलेल्या दोन वाटा ट्रान्सफॉर्मरमुळे अलग राहतात. बाहेरचे दोन प्रीअँप त्याने इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडले, जेणेकरून आवाज पुन्हा इंटरफेसच्या प्रीअँपमधून जाऊ नये. आजींनी स्तवन एकदाच म्हटले आणि ते तिन्ही वाटांनी एकाच वेळी मुद्रित झाले. मग संगणकावर तिन्हींच्या पातळ्या समान करून, नावे झाकून, त्याने ती अ, ब, क म्हणून वडिलांना ऐकविली.

स्प्लिटर नसेल तर यांत्रिक स्विचपेटीनेही काम भागते. केबल ओढण्याचे कष्ट वाचतात. मात्र क्रम पाळावा लागतो : आधी स्पीकर बंद, मग फँटम पॉवर बंद, अर्धा मिनिट थांबणे, त्यानंतरच स्विच फिरविणे. रिबन माइक असल्यास ही सावधगिरी अधिकच हवी. त्यातील धातूची पट्टी अतिशय नाजूक असते.

वडिलांना अ आणि ब यांतील भेद सांगता आला नाही. क किंचित जाड वाटला. नातवाने दोनदा निवड केली आणि दोन्ही वेळा बोट पडले ते इंटरफेसमधल्या, सर्वांत साध्या प्रीअँपवर. व्हॉल्व्हचा प्रीअँप खोटा नव्हता. त्याचेही आपल्या अपेक्षेने एक सत्य होते. एखाद्या तरुण, धारदार आवाजाला तो शोभलाही असता. परंतु अनेकांत म्हणजे सगळे सारखेच असे नव्हे. प्रत्येक बाजू पाहावयाची, तर ती सरळ तराजूने पाहिली पाहिजे.

व्हॉल्व्हचा प्रीअँप आता खोक्यात गेला आहे. उरलेली स्तवने एकेकदाच म्हटली जात आहेत. परवा एका कडव्याच्या शेवटी मालगाडी आली. नातू पुन्हा घेऊ या म्हणाला, तेव्हा आजी म्हणाल्या, “राहू दे रे. गाडीही इथलीच आहे.” ते मुद्रण तसेच ठेवले आहे.