रूपक म्हणजे मेटाफर नव्हे!

१/ हिंजवडीत रोज सायंकाळी रस्ता तुंबतो. खरे तर तुंबते ते पाणी. तरीही हा शब्द उच्चारताना आपण काव्य करीत आहोत, असे कोणालाच वाटत नाही. या 'तुंबण्या'च्या निमित्ताने एका प्रतिष्ठित गैरसमजाचा समाचार. 🧵

२/ गैरसमज असा: आपल्या परंपरेने रूपकाला निव्वळ दागिना मानले, रोजच्या बोलण्यातही रूपक असते, हे लेकॉफ आणि जॉन्सन यांच्या १९८० च्या 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या ग्रंथाने प्रथम शिकवले. हे विधान मी वर्गातही ऐकले आहे. ते चुकीचे आहे.

३/ चुकीचे मूळ भाषांतरात आहे. 'मेटाफर'ला आपण 'रूपक' हा प्रतिशब्द दिला. रूपक हा अनेक अलंकारांपैकी एक. शब्द मूळ अर्थ सोडून दुसरीकडे कसा वळतो, याचा विचार मात्र 'शब्दशक्ती' या वेगळ्या प्रकरणात, 'लक्षणा' या नावाने होतो.

४/ अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या अटी सांगितल्या: मुख्य अर्थाला बाध, त्या अर्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. रूढीसाठी त्याचे उदाहरण 'कुशल' हे आहे: मुळात कुश गवत आणणारा, पुढे निपुण. आपला तुंबलेला रस्ता याच कुळातला.

५/ ज्ञानाची चौकट आधीच बदलू लागली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे. यास्काच्या 'निरुक्ता'त पदांच्या जाती चार. आपण शाळेत शिकतो त्या आठ, इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. नावे संस्कृत, साचा परका.

६/ चीनमध्येही हेच घडले. मा ज्येनचोंग यांनी १८९८ मध्ये लॅटिनच्या धर्तीवर चिनी व्याकरण रचले. 'यिन्-यू' हा छन ख्वेइ यांच्या ११७० च्या ग्रंथात दृष्टान्ताच्या दहा प्रकारांपैकी एक होता; आज तोच 'मेटाफर'चा प्रतिशब्द आहे. एका प्रकाराच्या नावावर अख्खी संकल्पना लादली गेली.

७/ 'आमच्याकडे सगळे होतेच' म्हणणाऱ्यांनी मात्र टाळ्या वाजवू नयेत. आपण वेळ वाचवतो, घालवतो, उधळतो. या प्रयोगांमागे वेळेला पैसा मानणारी एक विचारपद्धती आहे, ही दृष्टी मम्मटाची नव्हे. हे ऋण मोकळेपणाने मान्य करावे.

८/ मग बिघडले कुठे? आपण स्वतःलाच उथळ ठरवले, इथे. १२९० च्या 'ज्ञानेश्वरी'तील दृष्टान्त आपण 'अलंकार ओळखा' एवढ्यापुरते वाचतो. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी काटेकोर मांडणी आहे. ती विचार करण्याची रीत आहे, नक्षी नव्हे.

९/ पश्चिमेकडून घ्यावे, जरूर घ्यावे. पण घरातल्या वस्तूवर चुकीची चिठ्ठी डकवून मग 'ही वस्तू आमच्याकडे नव्हतीच' असे म्हणू नये. लक्षणा आणि अलंकार ही दोन प्रकरणे एकत्र शिकवा. तुमच्या बोलीत 'तुंबणे'सारखे कोणते क्रियापद आहे? खाली लिहा.