छत्तीस चौकटींचा आनंद

२०१२ साली कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्मचा अध्याय संपला असे पुष्कळांनी मानले. रोल मात्र आजही मिळतात; आणि ते वापरणाऱ्यांना वेडे ठरविणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

विठाबाई नारायणगावकरांच्या गावी, नारायणगावला, पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. पुढे फड रंगला की नाचणारीसमोर मोबाईल उंचावतात. तिला विचारतो कोण?

रोलमध्ये चौकटी छत्तीसच. प्रत्येकीला पैसे पडतात. म्हणून हात थांबतो, डोळा पाहू लागतो आणि ‘ताई, फोटो काढू का?’ असे विचारण्यास सवड मिळते. चांदीच्या क्षारांवर उमटलेले चित्र रोल धुतल्यावाचून दिसत नाही. ती वाट पाहण्यातच खरा आनंद आहे.

फिल्म महाग आहे, हे खरे. केवळ कॅमेऱ्याने माणूस सभ्य होत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु फुकटचे आपण किती जपतो? आजीच्या लग्नाचे एकुलते छायाचित्र भिंतीवर टिकले. नातवंडांची हजार चित्रे मोबाईल बिघडताच जातात. वाचकहो, मोजून काढा, विचारून काढा, कागदावर उतरवा!