शाळेला एक लहान दुर्बीण हवी

'दुरून डोंगर साजरे' अशी म्हण आपल्याकडे आहे. दुर्बिणीतून प्रथमच आकाश पाहणाऱ्या मुलास तिचा प्रत्यय येतो. पुस्तकांत आणि पडद्यावर त्याने तेजोमेघांची तांबडी-जांभळी चित्रे पाहिलेली असतात. लहान दुर्बिणीत त्या जागी राखी रंगाचा एक पुसट डाग दिसतो. 'एवढेच का?' असे म्हणून तो बाजूस होतो आणि घरच्यांनी हौसेने घेतलेली दुर्बीण माळ्यावर जाऊन पडते. याचा दोष दुर्बिणीस देणे योग्य नव्हे. तो पुसट डाग नीट पाहावयास शिकणे हेच खरे शिक्षण होय, आणि त्यासाठी प्रत्येक शाळेत एक लहान दुर्बीण असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुर्बीण म्हणजे वस्तू मोठी करून दाखविणारे यंत्र, ही समजूत अपुरी आहे. तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांच्या बाबतीत तिचे मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचे असते. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७५ मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या शंभरपटीहून अधिक प्रकाश एकवटते. म्हणून खोक्यावर छापलेल्या '५०० पट' या शब्दांना भुलू नये. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारावा. पुढचे काम डोळ्याचे. अंधाराला सरावण्यास त्याला २० ते ३० मिनिटे लागतात. अंधुक वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूस पाहिले, तर ती अधिक उमटते. कारण मंद प्रकाश जाणणाऱ्या पेशी नेत्रपटलाच्या मध्यबिंदूवर नसून त्याच्या भोवती असतात. प्रथम केवळ डाग, मग त्यातील कमीअधिक उजेड, मग त्याची कड, असे पाहणे हळूहळू वाढते. जे दिसले तेवढेच वहीत रेखाटावे, चित्रात पाहिलेले त्यात मिसळू नये, ही शिस्त विज्ञानाच्या कोणत्याही शाखेत उपयोगी पडेल.

अंबरपेठेच्या गच्चीवरून असे काय दिसणार, अशी शंका कोणी काढील. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र उंच आलेले असते. त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक तेजोमेघ आहे. तेथे आजही नवे तारे जन्मास येत आहेत. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा दक्षिणेत बादामीच्या चालुक्यांचे राज्य होते. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, म्हणजे चारमिनार उभा राहिला त्या १५९१ सालाच्या आसपासचा. मे महिन्यात त्याच वेळी मूसी नदीच्या बाजूस, दक्षिण क्षितिजाच्या २५ अंश वर, नरतुरंगातील ओमेगा हा तारकागुच्छ येतो. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा तो समूह! पॅरिसच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. म्हणूनच धूमकेतूंच्या शोधात असता शंभराहून अधिक पुसट वस्तूंची यादी करणाऱ्या चार्ल्स मेसिए यांच्या १७८१ सालच्या यादीत तो नाही. मेसिए यांच्या काही दुर्बिणींची भिंगे अवघी साडेतीन इंचांची होती, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या शहराला ही विद्या परकी नाही. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी फिसलबंडा येथे १५ इंची दुर्बिणीसह वेधशाळेचा पाया घातला. पुढे 'निजामिया' या नावाने ती राज्याची वेधशाळा झाली, आणि साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत तिने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. तेथे काम करणाऱ्या एका खगोलज्ञाचा मुलगा निजाम कॉलेजात शिकला, पुढे अमेरिकेत गेला आणि १९४९ साली त्याने नवा धूमकेतू शोधला. ते वेणू बाप्पू होत. कवलूरची वेधशाळा आज त्यांचे नाव धारण करते.

परंतु शहरात दिवे वाढले. उस्मानिया विद्यापीठाची ४८ इंची दुर्बीण १९६८ साली रंगापूरला बसविली गेली, ती शहराच्या उजेडापासून दूर म्हणूनच. वेधशाळा शहर सोडून जाऊ शकते. शाळा आणि तिची मुले जाऊ शकत नाहीत. आकाशगंगेचा पट्टा एकदाही न पाहता येथील मुले शालान्त परीक्षा देतात, ही गोष्ट मला गणितात मागे पडण्याइतकीच गंभीर वाटते. मोबाइलवर चित्रे आहेत, हे त्याला उत्तर नव्हे. गावाचे छायाचित्र पाहिल्याने गावी जाऊन आल्यासारखे होत नाही.

यासाठी फार द्रव्य नको. चार-पाच इंची आरशाची, साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी एक दुर्बीण, लाल कागद लावलेली विजेरी आणि एक निरीक्षणवही एवढे पुरे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, तर ते सहज जमेल. नोव्हेंबर ते मे या काळात, अमावास्येच्या जवळच्या एका रात्री, शाळेच्या आणि शेजारच्या गच्चीवरील दिवे एक तास मालवावेत. कधी तरी मुलांना शहराबाहेरही न्यावे. विद्यार्थी मित्रांनो, दुर्बीण येईपर्यंत थांबू नका. आज रात्री अर्धा तास गच्चीवर जा, कृत्तिकांत किती तारे मोजता येतात ते मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. दुर्बीण आली की तोच आकडा पुन्हा मोजू.