पैठणी लाखाची, म्हणून विणकर सुखी?

येवल्यातल्या गरिबीचा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर येते: ज्या गावची पैठणी लाखाच्या घरात जाते, तिथे उपाशी कोण राहणार? हा हिशेब साडीची सगळी किंमत विणकराच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो. रेशीम बंगळुरूचे, जर सुरतेची, भांडवल व्यापाऱ्याचे. मजुरीवर विणणाऱ्याच्या वाट्याला नगामागची मजुरी तेवढी येते. पदर जितका भरगच्च, तितके दिवस माग त्यातच अडकलेला. पुष्कळदा हा माग राहत्या खोलीतच असतो. मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्याला पावसाळ्यात ओल आली की काम थांबते आणि निजायची जागाही जाते.

‘तरी रेशन आहेच ना!’ हा दुसरा आक्षेप. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात 76.32 टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला, शहरी भागात 45.34 टक्क्यांना. शहरात पैसा खेळतो, हे त्यामागचे गृहीत. पण खेड्यात बांधावरची भाजी आणि सरपण निदान काहींना तरी मिळते. नगरपालिकेच्या हद्दीत खोलीच्या भाड्यापासून सगळेच विकतचे. या धान्याला पात्र ‘प्राधान्य कुटुंब’ ठरण्यासाठी शहरात उत्पन्नाची मर्यादा वार्षिक 59,000 रुपये. वर्षाचे 300 दिवस रोज 200 रुपये कमावणारे कुटुंब 60,000वर पोचते आणि अपात्र ठरते. पाच माणसांत वाटले तर ही ‘श्रीमंती’ माणशी दिवसाला 33 रुपयांचीही नाही.

‘मोबाइल घ्यायला बरे पैसे असतात’, असेही म्हटले जाते. रेशनच्या ई-केवायसीपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सरकारनेच सगळे फोनवर आणल्यावर फोनला चैन कसे म्हणायचे? बोगस कार्डांची तक्रार खरी आहे; ती जरूर रद्द करावीत. पण चोर पकडायचा म्हणून भुकेल्याला दाराबाहेर ठेवणे हा न्याय नव्हे. राहणीमान घरातल्या वस्तूंवरून मोजण्यापेक्षा गरजेची गोष्ट वेळेवर मिळते का, यावरून मोजावे. पाण्याचेच घ्या: येवल्याला पाणी देणाऱ्या पालखेडच्या कालव्याचे आवर्तन लांबले, तर मोठी टाकी असलेल्याचे निभते. दोन पिंपांच्या घरातली बाई मात्र विणकामाच्या कांड्या भरायचे सोडून पाण्यामागे धावते आणि तेवढी मजुरी बुडते. म्हणून उत्पन्नाची मर्यादा महागाईशी जोडावी, 2011च्या जनगणनेवर बेतलेला लाभार्थ्यांचा कोटा वाढवावा, आणि नळाला पाणी कधी येणार ते आधी कळवून ती वेळ पाळावी. यात दयेचा प्रश्न नाही. पैठणीच्या नावावर मिरवणाऱ्या गावाचे आणि राज्याचे हे साधे देणे आहे.