अंदमानच्या बॅगेत ओआरएस आहे का?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या ओपीडीत एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, अंदमानला चाललोय, बाळ बरोबर आहे. काही औषधं लिहून देता का?" आणि लगेच, जरा आवाज खाली आणून, "विमानात झोपावं म्हणून ते सर्दीचं औषध पाजलं तर चालेल ना?"

नाही, चालणार नाही. गुंगी आणणारी काही सर्दी-उलटीची औषधे दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतात. विमान उतरताना कान दुखतात म्हणून मूल रडते. त्या वेळी त्याला अंगावर घ्या किंवा काही चोखायला द्या. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात जास्त. पोट गच्च भरू नका, बोटीच्या मध्यभागी बसवा आणि मोबाइल हातात न देता दूर क्षितिजाकडे पाहायला लावा.

पूर्वी सेल्युलर जेलचे दर्शन घ्यायला आपल्याकडची निवृत्त मंडळी जात. आता त्याच सहलीत दीड वर्षाची मुले असतात. माझी हरकत नाही. पण बेट म्हणजे काय, हे बॅग भरताना लक्षात घेतले जात नाही. पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, जायला बोटीने साधारण दोन तास लागतात. तिथे छोटे सरकारी आरोग्य केंद्र आहे. मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्यात मुलाला जुलाब लागले तर "सकाळपर्यंत बघू" म्हणता येते, कारण रात्री दोन वाजताही रिक्षा मिळते. हॅवलॉकला हाच विचार दुपारची शेवटची बोट सुटण्याआधी करावा लागतो.

जुलाबाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बेटावर मुलाला काही होण्याची शक्यता असेल तर ती बहुधा हीच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांच्याच हाती दिले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. तीच ही पुडी. किंमत किरकोळ, वजन नगण्य, आणि दहापैकी नऊ बॅगांत नसते. चकली-चिवड्याचे डबे मात्र तीन असतात.

पुडी घेताना ती १ लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, ते वाचा आणि पूर्ण पुडी तेवढ्याच उकळून गार केलेल्या किंवा सीलबंद पाण्यात घाला. अर्धी पुडी अंदाजाने कपभर पाण्यात कालवणे धोक्याचे. मीठ जास्त झाले तर मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो. तयार पाणी २४ तासांनी टाकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. शहाळे तिथे मुबलक मिळते, जरूर प्या; पण त्यात सोडियम कमी असते, ते ओआरएसची जागा घेत नाही. खोक्यातली गोड पेयेही घेत नाहीत. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ते उशिरा का होईना बरे झाले. सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर बोट गाठा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला उकाडा आहे म्हणून वरचे पाणी देऊ नका. आईने पाणी प्यावे आणि बाळाला जास्त वेळा पाजावे. अशा बाळाला सनस्क्रीन फासण्यापेक्षा सावलीतच ठेवा. मला विचाराल तर एवढ्या लहान बाळाची सहल वर्षभर पुढे ढकला. त्याला त्यातले काही आठवणार नाही.

आता समुद्र. मगरीचे विचारतात सगळे. २०१० मध्ये हॅवलॉकला मगरीने एका अमेरिकी तरुणीचा बळी घेतला होता, म्हणून पाट्या पाळाच. पण मला भीती वाटते ती घोटाभर पाण्याची. माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही राधानगर किनाऱ्यावर होतो. मी कॅमेऱ्याचा रोल बदलत होतो. बायकोला वाटले, मी पाहतोय. परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू ओढली आणि पोर आडवी झाली. ना ओरडली, ना हात हलवले. बुडणारे मूल आरडाओरडा करते, हे सिनेमात. तिला उचलले ते एका शहाळेवाल्याने. मी डॉक्टर होतो आणि आठ पावलांवर होतो. तेव्हापासून आमच्या घरात पाण्याकाठी "आता मी" असे मोठ्याने म्हणून पाळी घेतली जाते आणि मूल हाताच्या अंतरात ठेवले जाते. दंडावरचे फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

सहल कंपन्यांनाही एक सांगायचे आहे. पाच रात्रींत तीन बेटे आणि पहाटे चारला बाराटांगची गाडी, हा कार्यक्रम मोठ्यांसाठी आखलेला असतो. मुलांचे तिकीट घेता, तर त्याच कागदावर प्रत्येक मुक्कामाचे जवळचे आरोग्य केंद्र आणि शेवटच्या बोटीची वेळ छापा. दोन ओळींचे काम आहे.

आणि परत आल्यावर. गेल्या वर्षी पाच वर्षांचा एक मुलगा चार दिवसांच्या तापाने आमच्याकडे आला. बाहेर दोन अँटिबायोटिक झाली होती. कुठे गेला होतात का, असे कोणी विचारले नव्हते आणि आईवडिलांनाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. सहल होऊन तीन आठवडे लोटले होते. रक्ताच्या तपासणीत फाल्सिपेरम मलेरिया निघाला. वेळेत सापडला, मुलगा बरा झाला. अंदमान-निकोबारमध्ये मलेरिया आहे आणि डास चावल्यानंतर ताप यायला आठवडे लागू शकतात. आमच्या केसपेपरवर प्रवासाचा रकाना नाही. त्या मुलानंतर मी तो पेनाने आखून घेतो.