वाघूर म्हणजे काय, हे कोशाला नंतर विचारा

सांज झाली तशी त्यानं वाघूर लावली आणि मेंढरं आत घेतली. धनगरांच्या जगण्यावरच्या एखाद्या कथेत असं वाक्य आलं, की शहरातला वाचक अडखळतो. वाघ ओळखीचा असतो, मग हा वाघाचा सापळा असेल का? पण सापळ्यात मेंढरं कशी घेतील? दोन पानांनंतर मध्यरात्री लांडगा येतो आणि वाघूर फाडतो. सकाळी म्हातारी सुतळी घेऊन ती सांधत बसते. तळ हलतो तेव्हा वाघूर गुंडाळून घोड्यावर टाकतात. एव्हाना वाचकाला उमगलेलं असतं, की ही मेंढरांभोवती उभी करायची जाळी आहे.

संस्कृतातला ‘वागुरा’ हा शब्दही जाळ्याचाच. पण ते नंतर कळलं तरी चालतं. पहिल्याच वाक्याला मोबाइल उघडून ‘जाळे’ एवढा अर्थ मिळवणाऱ्याच्या हाती शब्द येतो, पण त्याच्याभोवतीची रात्र, लांडगा आणि सुतळी येत नाही.

या रीतीनं किती शब्द कळतात, याचा एक सुरेख प्रयोग झालेला आहे. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (1962) या इंग्रजी कादंबरीतली टवाळ पोरं ‘नादसत’ नावाची बनावट बोली बोलतात. तिच्यातले बहुतेक शब्द रशियनवरून घेतलेले आहेत. कादंबरीच्या एका अमेरिकी आवृत्तीला शब्दसूची जोडली गेली, ती बर्जेसना मुळीच नको होती. 1978 साली सरागी, नेशन आणि माइस्टर या संशोधकांनी सूची नसलेल्या प्रती प्रौढ इंग्रजीभाषकांना वाचायला दिल्या आणि नंतर कथेवर प्रश्न विचारू, एवढंच सांगितलं. काही दिवसांनी परीक्षा घेतली ती मात्र नादसतच्या 90 शब्दांची. पर्याय दिलेले होते हे खरं, तरी सरासरी 76 टक्के उत्तरं बरोबर आली. कोणी शब्द पाठ केले नव्हते, कोश उघडला नव्हता. त्या बोलीत ‘हॉररशो’ म्हणजे छान, कारण रशियनमधला ‘खराशो’. कानाला भयपट ऐकू येतो, तरी वाक्यं वाचकाला ‘छान’पर्यंत नेऊन सोडतात. वाघुरीत वाघ ऐकू यावा, तसंच हे.

मात्र एका भेटीत शब्द वश होत नाही. नागी, हर्मन आणि अँडरसन यांच्या 1985 च्या अभ्यासात शाळकरी मुलांना अनोळखी शब्द एकदा वाचून कळण्याची शक्यता अगदी थोडीच निघाली. ‘क्लॉकवर्क’मध्ये प्रत्येक शब्द सरासरी पंधरा वेळा येतो, म्हणून तो मनात रुजतो. बोलीत लिहिणारा चांगला कादंबरीकार हेच करतो. उद्धव शेळके यांची वऱ्हाडी ‘धग’ (1960) घ्या, किंवा रा. रं. बोराडे यांचा मराठवाड्याच्या बोलीतला ‘पाचोळा’ (1971). पहिली वीस पानं पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जातात. पुढे तीच बोली कानात बसते आणि माणसं तिच्यातूनच बोलताना ऐकू येतात. त्या वीस पानांवर तळटिपांची गर्दी केली, तर वाचकाची नजर दर ओळीला खाली घसरते आणि बोली कानात बसायची राहूनच जाते. म्हणून बोलीतल्या कादंबरीच्या पानावर तळटीप नकोच. फारच वाटलं तर प्रकाशकानं शेवटी छोटी सूची द्यावी.

संदर्भ कधी फसवतोही, आणि मराठीत तो सगळ्या समाजाला फसवून गेलेला आहे. ‘माझ्या अपरोक्ष त्यानं निर्णय घेतला’ असं लोक सर्रास लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘माझ्या मागे’. खरं तर नजरेआड ते परोक्ष. अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, समोर. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘अपरोक्षानुभूति’ ग्रंथाचं नावच थेट अनुभवाविषयी आहे. पण चुकीच्या वापराची वाक्यं पिढ्यानपिढ्या कानावर पडत राहिली आणि त्यांनी उलटा अर्थ शिकवला. अशा ठिकाणी कोश लागतोच. 1932 ते 1938 या काळात दाते-कर्वे मंडळींनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड सिद्ध केले, ते वाचकानं वापरावेत म्हणूनच. शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढावी, गोष्ट पुरी करावी आणि मग आपला अंदाज कोशाशी ताडून पाहावा.

शाळेत याच्या उलट चालतं. धड्याखालचे शब्दार्थ आधी वहीत उतरतात, पाठ होतात आणि धडा नंतर वाचला जातो. मुलानं अंदाज बांधायला जागाच उरत नाही. शिक्षकांनी निदान गोष्टीच्या तासाला हा क्रम फिरवून पाहावा. आधी गोष्ट वाचावी, मग ‘वाघूर म्हणजे काय असेल?’ असं विचारावं आणि चुकीची उत्तरंही येऊ द्यावीत. माण-खटावकडच्या एखाद्या वर्गात मागच्या बाकावर मेंढपाळाचं पोर बसलेलं असेल. फळ्यावर अर्थ लिहिण्याआधी त्याला बोलू द्यावं. वाघूर कशी लावतात, हे तो हातवारे करून दाखवील.